‘नसांची कमजोरी’: आधी जागा शोधा, मग गोळी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत हातापायांना येणाऱ्या मुंग्या, बधिरपणा आणि जळजळ यांवरचा लेख वाचला. या सगळ्या तक्रारी त्यात ‘नसांची कमजोरी’ या एकाच नावाखाली घातल्या आहेत आणि उपाय म्हणून बी जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुचवल्या आहेत. मज्जातंतूंचे काम कसे चालते हे थोडे जरी पाहिले तरी कळते की गोळीचा प्रश्न नंतरचा आहे. आधी तीन गोष्टी विचारायला हव्यात: बिघाड कुठे आहे, कोणत्या जातीच्या तंतूंत आहे आणि किती दिवसांत वाढला.

लेखात मज्जातंतूला विजेची तार म्हटले आहे. ही तुलना फार दूर जात नाही. तारेतला संदेश जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावतो. मज्जातंतूतला वेगवानात वेगवान संदेश सेकंदाला सुमारे १२० मीटरच्या पलीकडे जात नाही. १८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूवर हा वेग पहिल्यांदा मोजला, तो निघाला सेकंदाला साधारण २७ मीटर. (त्यांचेच गुरू म्युलर यांचे मत होते की हा वेग कधी मोजताच येणार नाही.) इतका संथपणा का? कारण तंतू वाटेत ठिकठिकाणी संदेश नव्याने तयार करत पुढे नेतो. शांत असताना तंतूच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. आवरणातले पंप ऊर्जा खर्चून सोडियमचे तीन आयन (विद्युतभारित कण) बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे दोन आत घेतात. त्यातून दोन्ही बाजूंचा फरक टिकून राहतो. उत्तेजनाने हा आकडा उणे ७० वरून उणे ५५ च्या आसपास आला की सोडियमची दारे उघडतात, आतली बाजू क्षणभर धन होते, मग पोटॅशियम बाहेर पडून ती पुन्हा पूर्वस्थितीला येते. सारा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा. त्यानंतर ती जागा थोडा वेळ पुन्हा पेटत नाही, म्हणून संदेश उलटा फिरत नाही. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये माकुळाच्या अर्धा मिलिमीटर जाड तंतूवर हे गणितासह मांडले. १९६३ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा आहे.

आता मुद्द्याचे. एका निरोगी तंतूतला संदेश लहान-मोठा नसतो. तो जातो किंवा जात नाही. हलका स्पर्श आणि जोराचा दाब यांतला फरक कळतो तो संदेश किती वेळा उमटतो आणि किती तंतूंत उमटतो यावरून. म्हणजे ‘कमजोर’ संदेश अशी वस्तूच नाही. काही तंतू मेलेले असतात, काही एका जागी अडलेले असतात, काहींभोवतीचे वेष्टन खराब होऊन वेग पडलेला असतो, तर काही विनाकारण पेटत असतात. या चार बिघाडांची कारणे वेगळी आणि उपचारही वेगळे.

सगळे तंतू सारखे नसतात हेही लेखात यायला हवे होते. जाड तंतूंभोवती मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचे वेष्टन असते आणि त्यात साधारण मिलिमीटरभर अंतराने फटी असतात. संदेश फटीवरून फटीवर उडी घेतो, म्हणून वेग सेकंदाला ७० ते १२० मीटर. स्नायूंना आज्ञा, सांध्यांची स्थिती आणि कंपनाची जाणीव जाड तंतूंकडे असते. उष्णता आणि जळजळणारी वेदना वाहणारे बारीक तंतू बहुतांशी वेष्टनाविना असतात. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. पायाचे बोट ठेचकाळल्यावर आधी चटकन कळ येते आणि सेकंदभराने ठसठस सुरू होते, ती याच दोन वेगांमुळे. पहिली कळ पातळ वेष्टनाच्या तंतूंतून येते, दुसरी वेष्टनाविना असलेल्या तंतूंतून.

व्यवहारात याचा फार उपयोग होतो. अंधारात तोल जातो, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया हातोडीने येत नाही: जाड तंतू बिघडले आहेत. तळव्यांची आग होते, रात्री पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही, गरम-थंड कळत नाही: बारीक तंतू. आणि नेमकी इथेच गफलत होते. नर्व्ह कंडक्शन (मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग मोजणारी) ही तपासणी फक्त जाड, वेगवान तंतू मोजते. आगीने हैराण झालेल्या माणसाचा अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि त्याला मनाचे खेळ आहेत असे सांगितले जाते. अशा वेळी घोट्याच्या वरच्या बाजूच्या त्वचेचा तीन मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातले तंतू मोजता येतात. नर्व्ह कंडक्शनच्या आणखी दोन खोडी: हात थंड असेल तर वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे दोन मीटरने घटतो, म्हणून हात उबदार करूनच मोजायचे. आणि इजेनंतर पहिल्या काही दिवसांत तुटलेल्या तंतूचा पुढचा भागही संदेश वाहत राहतो, म्हणून फार लवकर केलेली तपासणी फसवते. स्नायूत सुई घालून केलेल्या ईएमजीत (स्नायूतल्या विजेच्या नोंदीत) बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

जागा ओळखायला मात्र यंत्र लागतेच असे नाही. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू बधीर, करंगळी चांगली, रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते: मनगटाच्या बोगद्यात मीडियन नर्व्ह (तिथून पंजात जाणारा मज्जातंतू) दाबली गेली आहे. यात अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या फुगीर भागाची त्वचा बधीर होत नाही, कारण तिची शाखा बोगद्याच्या बाहेरून जाते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू बधीर असेल तर कोपर पाहावे. मान हलवल्यावर हातात कळ उतरत असेल तर मानेच्या मणक्यातून निघणारे मज्जातंतूचे मूळ पाहावे. मनगटाच्या दाबासाठी सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी पुरते. अंगठ्याजवळचा स्नायू खंगू लागला असेल तर थांबून चालत नाही, शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

दोन्ही पायांची बोटे आधी, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत मोजा घातल्यासारखा बधिरपणा आणि त्यानंतर हाताची बोटे, असा क्रम असेल तर सर्वांत लांब तंतू आधी बळी पडत आहेत. पायाच्या बोटापर्यंत जाणारा तंतू सुमारे मीटरभर लांब असतो आणि त्याचे पोषण कमरेजवळच्या एका सूक्ष्म पेशीतून होते. माल पोचवण्याची जलद गती दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर. मधुमेहात, दीर्घकाळच्या मद्यपानात आणि काही कर्करोगविरोधी औषधांत हाच क्रम दिसतो. मधुमेह्यांच्या पायाला दहा ग्रॅमच्या दाबाने वाकणारा नायलॉनचा धागा आणि १२८ हर्ट्झचा कंपनकाटा (ट्यूनिंग फोर्क) लावून तपासणी निदान वर्षातून एकदा व्हावी. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते टाळलेच अधिक जाते.

आता गोळ्यांविषयी. बी १२ ची कमतरता खरोखर मज्जारज्जू आणि मज्जातंतूंचे वेष्टन खराब करते, आणि कंपनाची व सांध्यांच्या स्थितीची जाणीव आधी जाते. शुद्ध शाकाहारी, वर्षानुवर्षे मधुमेहावरचे मेटफॉर्मिन घेणारे, आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे आणि जठर किंवा आतड्याचा भाग काढलेले यांनी रक्तातले प्रमाण तपासावे. पण तपासणी गोळ्या सुरू करण्यापूर्वी, कारण नंतर आकडा चांगला दिसतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. नुसते फॉलिक अ‍ॅसिड दिले तर रक्तक्षय सुधारतो आणि मज्जातंतूंची हानी तशीच चालू राहते. लेखात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट म्हणजे बी ६. प्रौढाची रोजची गरज दीड-दोन मिलिग्रॅमच्या आत असते. दिवसाला शेकडो मिलिग्रॅम महिनोन्‌महिने घेतले तर तेच जीवनसत्त्व संवेदना वाहणाऱ्या पेशी मारते आणि पायांचा बधिरपणा वाढवते. रुग्णाला वाटते रोग वाढला आणि तो गोळी वाढवतो. एकाच वेळी दोन-तीन टॉनिके घेणाऱ्यांनी प्रत्येक पाकिटावरचे बी ६ चे आकडे एकत्र करून पाहावेत.

दबलेल्या मज्जातंतूचे भवितव्य इजेच्या खोलीवर असते. मांडी घालून बसल्यावर पाय झोपतो तेव्हा दाबाने त्या जागी संदेश अडतो आणि तंतूला मिळणारे रक्तही कमी होते. दाब सुटताच तंतू आपोआप पेटतात, त्या मुंग्या. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोपल्याने मनगट लोंबू लागते तेव्हा सहसा वेष्टनच दुखावलेले असते आणि काही आठवड्यांत ते भरून येते. तंतूच तुटला तर मात्र नवी वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपराजवळची इजा पंजाच्या स्नायूपर्यंत भरून यायला दहा महिन्यांच्या आसपास लागतात, आणि वर्ष-दीड वर्ष आज्ञा न मिळालेला स्नायू नंतर नीट प्रतिसाद देत नाही. म्हणून कापलेला मज्जातंतू शिवायला उशीर करू नये. मेंदू आणि मज्जारज्जूत ही वाढ जवळपास होतच नाही.

शेवटी वेळेबद्दल, कारण लेखात सर्वांना ‘महिनाभर गोळ्या घेऊन पाहा’ असा सल्ला आहे. चेहऱ्याची एक बाजू किंवा एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका. गुठळी विरघळवणारे औषध बहुतेकांना साडेचार तासांच्या आतच देता येते. पायांतून सुरू होऊन काही दिवसांत वर चढणारा अशक्तपणा असेल तर श्वासाचे स्नायू पकडले जाऊ शकतात. चालता येत असतानाच रुग्णालय गाठावे. कंबरदुखीबरोबर जांघेचा, बैठकीचा भाग बधीर झाला आणि लघवी अडली तर त्याच दिवशी. त्वचेवरचा बधीर, फिकट चट्टा न दुखणारा म्हणून सोडून देऊ नये. कुष्ठरोगाचे जिवाणू वेष्टनाच्या पेशींतच वाढतात आणि औषध वेळेवर मिळाले तर हाताची बोटे वाचतात. एवढी चार लक्षणे चौकटीत छापावीत, ही विनंती.

कळावे,
शरीरक्रियाशास्त्राचा एक अध्यापक