नाण्यांची पेटी शाळाशाळांतून फिरावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की आपल्या अंकात छंदवर्गांची माहिती येते. यंदा त्यात नाणेसंग्रहाचा वर्ग पाहून मला फार बरे वाटले आणि नातवाचे नाव मी त्याच दिवशी घातले. तो पाचवीत आहे, इंग्रजी माध्यमात. पाच दिवसांनी तो एक चकचकीत अल्बम घेऊन घरी आला. प्रत्येक खणात प्लास्टिकखाली बंद केलेले एक नाणे, त्याखाली छापील नाव. त्यातले एकही नाणे त्याने बोटात धरून पाहिले नव्हते. त्याचा पहिला प्रश्न होता, "आजी, हे सगळं विकलं तर किती येतील?" यात त्याचा दोष नाही, वर्गात पाचही दिवस भावाचीच चर्चा झाली होती. मला मात्र रात्रभर चैन पडले नाही, म्हणून हे पत्र.

मी बँकेत रोखपाल होते. चिल्लरीच्या थैल्या मोजण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि ते काम मला मनापासून आवडायचे. पावली, म्हणजे २५ पैसे, आणि तिच्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून जाणार होती. त्याआधीच्या आठवड्यात लोक डबे घेऊन रांगेत उभे होते. कोणाकडे लोणच्याची बरणी, कोणाकडे मुलाचा जुना मातीचा गल्ला. एका आजीबाईंनी तर पदराची गाठ सोडून नाणी काउंटरवर ओतली. मी स्वतःच्या पर्समधली नोट गल्ल्यात भरून त्यातली मूठभर निवडून घेतली. चौकोनी १ पैसा, पाकळ्यांच्या कडेचे २ पैसे, षट्कोनी ३ पैसे, कमळाचे पिवळे २० पैसे. तो डबा इतकी वर्षे माझ्या कपाटात होता.

अल्बम बाजूला ठेवून मी तो डबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर रिकामा केला आणि अर्धा तास काही बोलले नाही. नातवाने आधी आकारांप्रमाणे ढीग लावले. मग मोडले आणि रंगांप्रमाणे लावले. मग म्हणाला, "याला भोक कोणी पाडलं?" तो भोकाचा पैसा, १९४३ ते १९४७ मधला. महायुद्धात तांबे वाचवायचे म्हणून सरकारनेच मधला भाग काढून टाकला होता. हे ऐकल्यावर त्याने तो पैसा डोळ्याला लावून खिडकीबाहेर पाहिले. मी लहानपणी अगदी तेच केले होते.

डब्याच्या तळाशी सासूबाईंच्या देव्हाऱ्यातला एक तांब्याचा पैसा होता, सयाजीराव महाराजांच्या काळातला, आपल्या बडोद्याचा. घोड्याचा खूर, त्यासोबत तलवार, कडेने अक्षरे. नातवाने भिंग धरले आणि ओरडला, "आजी, हे तर मला वाचता येतंय!" घरात तो मराठी बोलतो, पण मराठी वाचायला दिले की टाळतो. शाळेत इंग्रजी, हिंदी, गुजराती. मराठी कुठेच नाही. तोच मुलगा बोट ठेवून एकेक अक्षर लावत होता, "से-ना-खा-स-खे-ल, स-म-शे-र..." म्हणजे काय, हे त्यानेच विचारले. मग मी सांगितले की हे गायकवाडांचे किताब. समशेर बहादूर हा किताब पहिल्या दमाजी गायकवाडांना १७२० च्या बाळापूरच्या लढाईनंतर मिळाला. नाण्यावरची तलवार ही तीच समशेर. लक्ष्मीविलास राजवाडा त्याने शाळेच्या सहलीत पाहिला होता, पण राजवाड्यातून त्याला जे कळले नव्हते ते या पैशातून कळले.

दुसऱ्या बाजूला 'एक पैसा' आणि संवत् १९४९. तो म्हणाला, "म्हणजे स्वातंत्र्यानंतरचा!" मी म्हटले, अरे, १९४९ मध्ये तर आपले संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि सयाजीराव महाराज १९३९ मध्येच गेले होते. हा विक्रम संवत आहे, ५७ वजा कर. उत्तर आले १८९२. तेवढ्यात शेजारच्या गुजराती मावशी दही मागायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "छप्पन वजा कर, १८९३." दोघी मोठ्या बायका दोन उत्तरे देतात म्हटल्यावर पोरगा बुचकळ्यात पडला. उत्तरे दोन्ही बरोबर. गुजरातेत संवत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, बेसतु वरसला बदलतो. त्यामुळे एकच संवत दोन इसवी सनांत पसरतो. दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा करायचे, जानेवारीपासून ५६. आमच्या दारात चैत्रात गुढी उभी राहते आणि शेजारी दिवाळीनंतर साल मुबारक म्हणतात, हे तो जन्मापासून पाहत आला आहे. त्याचा हिशेबाशी काही संबंध असतो हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले.

दुसरे एक नाणे हातोड्याने ठोकून पाडलेले, ओबडधोबड. त्यावर खंडेराव गायकवाडांच्या नावाचा 'खा' आणि बाकी फारसी. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून मजकूर अर्धाच उमटलेला. मला फारसी येत नाही. याकुतपुऱ्यात राहणाऱ्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांकडे आम्ही ते घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, नाणे उजेडाकडे तिरके धरले आणि उमटलेला तुकडा वाचून दाखवला. एक नाणे वाचायला दोन घरे लागली. नातू आता त्यांना आपल्या यादीतला माणूस समजतो आणि कुठलेही न वाचता आलेले नाणे त्यांच्यासाठी राखून ठेवतो.

किंमतीबद्दल मात्र कडक बोलायला हवे. 'हे नाणे असेल तर लाखो रुपये मिळवा' असे व्हिडिओ मुले रोज पाहतात. जुनी नाणी-नोटा घेण्या-विकण्याच्या नावाखाली लोकांकडून शुल्क उकळले जाते आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जाते, म्हणून त्या बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. तरी आपण घरात पहिला शब्द किंमतीचाच काढतो. दहा वर्षांच्या मुलाला भाव सांगितला की त्याचे नाण्याकडे बघणेच थांबते, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. तसेच राम-सीता किंवा हनुमान असलेली, '१८१८' आणि 'ईस्ट इंडिया कंपनी' लिहिलेली नाणी पदपथावर जुनी म्हणून विकली जातात. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. ते देवघरात ठेवायचे टोकन आहे. श्रद्धेने जरूर ठेवावे, पण इतिहास म्हणून मुलाच्या हातात देऊ नये.

आणि पालकांना हात जोडून एक विनंती, नाणी घासू नका. मी आठ वर्षांची असताना वडिलांचा एक ढब्बू पैसा चिंच लावून लख्ख केला होता. चकाकी आली आणि झिजत आलेली अक्षरे त्याबरोबर गेली. वडील रागावले नाहीत, त्यांनी तो नुसता हातात फिरवला. तो चेहरा मला अजून दिसतो. नाणे कडेने धरावे, साध्या कागदाच्या पाकिटात ठेवावे, एवढे पुरे. अक्षर दिसत नसेल तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवावी, उमटते.

जुनी नाणी घरात नसली तरी अडत नाही. अडचण वेगळीच आहे. आता भाजीच्या गाडीवरही मोबाइल दाखवला की पैसे पोचतात, त्यामुळे मुलाच्या तळहातावर सुट्टे पैसे पडतच नाहीत. माझी सूचना अशी की आठवड्यातून एकदा मुलाला रोख पैसे देऊन वाण्याकडे पाठवावे आणि उरलेले परचुरण त्याचे. सालाखाली बारीक खूण शोधायला सांगावी: चौकटच्या पत्त्यासारखी असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. चार शहरांचे चार ढीग लावायला मुलांना किती आवडते ते करून पाहावे. त्यातच कधी १९९९ चा ज्ञानेश्वरांचा रुपया सापडतो, त्याच सालचे शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ चे तुकोबांचे दोन रुपये. दहाचे नाणे दुकानदार नाकारतात, ती नाणीही मुलांनी जमवावीत. तोवर निघालेले चौदाही प्रकार वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. नातवाला त्यातले नऊ मिळाले आहेत. परवा एका दुकानदाराने दहाचे नाणे परत केले, तेव्हा याने त्याला चौदा प्रकारांची गोष्ट सांगितली आणि नाणे घ्यायला लावले.

आता मुख्य मागणी. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खाते उभारले आणि पुस्तकांच्या पेट्या संस्थानात गावोगाव फिरू लागल्या. वाचक पुस्तकापर्यंत येत नाही, तर पुस्तकाने त्याच्यापर्यंत जावे, अशी ती सोय होती. तशीच नाण्यांची पेटी शहरातल्या शाळांतून फिरावी. तीस-चाळीस नाणी, दोन भिंगे, पातळ कागद, पेन्सिली आणि एक कोरी वही. दुर्मीळ काहीही नको. हरवले तर हळहळ वाटणार नाही अशीच नाणी हवीत, तरच बाई मुलांना हात लावू देतील. पेटी एका शाळेत पंधरा दिवस राहील. मुलाने एक नाणे निवडायचे आणि वहीत लिहायचे: काय वाचता आले, काय आले नाही, कोणाला विचारले. पुढच्या शाळेतली मुले आधीच्यांचे लिहिलेले वाचतील. मराठी मंडळांनी, वाचनालयांनी, सयाजीबागेतल्या संग्रहालयाने याचा विचार करावा. आणि ज्यांच्या माळ्यावर जुने डबे पडून आहेत त्यांनी ते एकदा खाली काढावेत.

पहिली पेटी मी तयार केली आहे. छत्तीस नाणी आहेत, त्यांत बडोद्याचे दोन पैसे. सासूबाईंचा पैसा द्यावा की नाही हे दोन दिवस ठरत नव्हते. शेवटी नातवाने आपल्या हाताने तो पाकिटात घातला, पण आधी वहीच्या पहिल्या पानावर त्याचा ठसा पेन्सिलने उमटवून घेतला आणि खाली मराठीत लिहिले, "हा माझ्या पणजीचा आहे. नीट वाचा." 'पणजी'तला 'ण' आधी चुकला होता, तो त्याने खोडून पुन्हा काढला आहे. ज्या शाळेला पेटी हवी असेल तिने आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी स्वतः आणून देईन.

आपली,
एक निवृत्त रोखपाल
दांडिया बाजार, बडोदे