फटाक्यांची राख कुंडीत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत बागकामाच्या सदरात फटाक्यांची राख झाडून कुंड्यांत मिसळण्याचा सल्ला आला आहे. का, तर झाडांना पोटॅश मिळते! वाचून संताप आला. चुलीची राख वेगळी आणि फटाक्यांची वेगळी, एवढे तरी छापण्यापूर्वी कोणाला तरी विचारायचे होते. दारूतल्या सोऱ्यामुळे (म्हणजे पोटॅशियम नायट्रेटमुळे) त्या राखेत पोटॅश असते हे खरे. पण सोबत गंधक, अ‍ॅल्युमिनियम, बेरियम असते, आणि ज्याचे नाव दिवाळीच्या बातम्यांत कधी येत नाही ते अँटिमनी नावाचे विषारी धातुसदृश द्रव्यही असू शकते. भुईनळ्याच्या चमचमाटासाठी, पांढऱ्या उजेडासाठी अँटिमनी सल्फाइडची करडी पूड दारूत घालण्याची पद्धत जुनी आहे. पेटल्यावर तिचा ऑक्साइड होतो. थोडा धुरात जातो, उरलेला अंगणात पडतो. पुढे तो जाळा की कुजवा, अँटिमनी हे मूलद्रव्य आहे, ते नाहीसे होत नाही.

आमच्या सोसायटीत हा प्रकार मी दरवर्षी बघते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राख आणि लाल कागदाचा चुरा खराट्याने लोटत बोअरवेलशेजारच्या वाफ्यात नेतात. त्या वाफ्यात अळू आणि कढीपत्ता आहे. अळूची पाने निम्म्या घरांत फदफद्यासाठी जातात. मी हरकत घेतली, तर सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, राख म्हणजे खतच की!" आता तेच वाक्य तुमच्या पेपरात छापून आले आहे. काल संध्याकाळी त्यांनी कात्रण नोटीस बोर्डावर लावलेसुद्धा. यापुढे माझे कोण ऐकणार?

एका कुंडीत चमचाभर राख पडल्याने कोणी आजारी पडणार नाही, हे मला कळते. पण राख दरवर्षी त्याच वाफ्यात पडते. मातीत हवा लागली की अँटिमनी हळूहळू पंचसंयुजी (जास्त ऑक्सिजन घेतलेल्या) रूपात जाते. मातीतले लोहाचे ऑक्साइड ते धरून ठेवतात, त्यामुळे बरेचसे वरच्या थरातच साचते. माती अल्कधर्मी असली की मात्र ही पकड ढिली पडते, आणि आपली काळी माती बहुतेक ठिकाणी अल्कधर्मीच. सुटलेले अँटिमनी पाण्याबरोबर खाली झिरपते, मुळांवाटे पाल्यातही चढते. स्वित्झर्लंडमध्ये गोळीबाराच्या सरावाच्या मैदानांवर याचा अभ्यास झाला आहे. बंदुकीच्या गोळीचे शिसे टणक व्हावे म्हणून त्यात थोडे अँटिमनी मिसळतात. त्या मातीतून शिशापेक्षा अँटिमनीच सहज वाहून जाते, असे तिथे दिसले. बाटलीबंद पाण्याच्या भारतीय मानकात अँटिमनीची मर्यादा लिटरला ०.००५ मिलिग्रॅम आहे. आमच्या बोअरवेलच्या पाण्याची नेहमीची तपासणी होते, त्या अहवालात हा रकानाच नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जुलै २०१७ रोजी फटाक्यांत अँटिमनी, लिथियम, पारा, आर्सेनिक आणि शिसे वापरायला मनाई केली. देखरेखीची जबाबदारी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेवर टाकली. या संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि कमी प्रदूषणाचे म्हणून 'हरित फटाके' विकसित करणारी 'नीरी' ही पर्यावरण संशोधन संस्थाही नागपुरातच. तुमचीही नागपूर आवृत्ती निघते. मग बाजारातून चार पाकिटे आणून त्यांत अँटिमनी आहे की नाही, हे तपासायला कोणाला सांगावे असे तुम्हाला इतक्या वर्षांत वाटले नाही? दिवाळीनंतर तुम्ही हवेतल्या सूक्ष्म धुळीचा, म्हणजे पीएम २.५ चा, आकडा छापता आणि तिथेच थांबता. त्या धुळीत काय काय होते, हे वाचकाला कधी कळतच नाही. परवा आमच्या अंगणात मी पाकिटांचे अर्धवट जळलेले तुकडे उचलून पाहिले. लक्ष्मीचे चित्र होते, किंमत होती. घटकांची यादी कुठे दिसली नाही, हरित फटाक्यांवर असतो तो क्यूआर कोडही नाही.

आणखी एक. पाडव्याला पहाटे रस्ते झाडणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून ही राख उडवत असतात. जळताना होतो तो ट्रायऑक्साइड, म्हणजे त्रिसंयुजी अँटिमनी. पंचसंयुजीपेक्षा ते जास्त विषारी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले, आणि मुख्य धोका श्वासातून आहे. या बायकांना मास्क द्यावेत असे मी गेल्या वर्षीही तुम्हाला लिहिले होते. पत्र छापलेत, पण नेमका तो परिच्छेद गाळून.

कालचा सल्ला चुकीचा होता हे त्याच सदरात, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. सोबत हेही सांगा: राख आधी पाणी शिंपडून ओली करावी, हातमोजे घालून गोळा करावी, वेगळ्या पिशवीत बांधून घरगुती घातक कचरा म्हणून घंटागाडीत द्यावी. नाल्यात, वाफ्यात किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. आणि सदराखाली लिहिणाऱ्याचे नाव देत जा.

आपली नियमित वाचक,
निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, पुणे