आगबोटीच्या नावाखाली विकलेल्या डिझेल जहाजाबाबत तक्रार

दिनांक : १८ डिसेंबर २०२५
कोल्हापूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय.

विषय : नाईल नदीवरील ‘वाफेवर चालणाऱ्या ऐतिहासिक आगबोटी’च्या सहलीत झालेली दिशाभूल आणि फरकाच्या रकमेची परतफेड.

महोदय,

मी व माझी पत्नी, आम्ही दोघांनी आपल्या पुणे कार्यालयामार्फत इजिप्तची नऊ दिवसांची सहल नोंदवली होती आणि ती पूर्ण करून आम्ही २७ नोव्हेंबर रोजी कोल्हापूरला परतलो. या सहलीतील लक्सर ते अस्वान हा चार रात्रींचा नदीप्रवास आपल्या माहितीपत्रकात दोन पर्यायांसह दिला होता. नेहमीच्या आधुनिक क्रूझ बोटीने गेल्यास दोघांचा एकूण खर्च ३,१०,००० रुपये आणि शंभर वर्षांपूर्वीच्या, जीर्णोद्धार केलेल्या आगबोटीने गेल्यास ५,८६,००० रुपये. बाकी विमान, हॉटेल, देवळांची दर्शने, सगळे दोन्ही पर्यायांत एकच होते. म्हणजे २,७६,००० रुपये आम्ही केवळ त्या आगबोटीसाठी मोजले, आणि त्याबद्दल आपण काय देणार होता ते माहितीपत्रकाच्या सहाव्या पानावर आपल्याच शब्दांत छापलेले आहे : “मूळ बॉयलर व इंजिनासह आजही वाफेवर चालणारी राजेशाही आगबोट.”

या वाक्यातील मूळ बॉयलर आणि ‘वाफेवर चालणारी’ हे दोन्ही दावे खोटे निघाले. ‘राजेशाही’बद्दल माझे काही म्हणणे नाही.

मी एवढ्या ठामपणे का लिहितो आहे, हे सांगणे आवश्यक वाटते. एका सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर खात्यात मी चौतीस वर्षे नोकरी केली. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपनाची पूजा झाली की गळीत हंगाम संपेपर्यंत माझे जागेपण आणि झोप दोन्ही वाफेच्या दाबावर अवलंबून असत. माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्याकडची एक मिल वाफेच्या जुन्या आडव्या इंजिनावर चालत असे, पुढे ते मोडीत गेले आणि टर्बाईन आले. तसे इंजिन पुन्हा चालताना पाहावे, ही निवृत्तीनंतरची माझी एकमेव चैनीची इच्छा होती. पत्नीचे कारण वेगळे होते. तिचे वडील वेंगुर्ल्याहून मुंबईला आगबोटीने जात आणि त्या प्रवासाच्या गोष्टी ऐकत ती लहानाची मोठी झाली. आपल्या माहितीपत्रकातील ‘आगबोट’ हा शब्द तिनेच मला मोठ्याने वाचून दाखवला होता.

लक्सरच्या धक्क्यावर संध्याकाळी जहाजावर चढलो तेव्हा माझ्या मनात कसलीही शंका नव्हती. लाकडी कठडे, पितळी मुठी, वेताच्या खुर्च्या, बाजूला पांढरी रंगवलेली मोठी चाके, मधोमध उंच धुराडे, सारे छायाचित्रांत होते तसेच होते. पहाटे पाच वाजता जहाज सुटणार असे सांगण्यात आले. थंड बॉयलर घाईने तापवता येत नाही. पत्रा आणि नळ्या सारख्या प्रमाणात तापल्या नाहीत तर सांधे गळू लागतात, म्हणून वाफ धरायला काही तास तरी द्यावेच लागतात. तेव्हा हे काम बघायला मिळेल या आशेने मी पहाटे तीनलाच उठून खालच्या डेकवर जाऊन बसलो. चार वाजले, साडेचार वाजले. ना कुठे ऊब, ना तेलमिश्रित वाफेचा वास, ना कोणाची धावपळ. पाचला पाच मिनिटे असताना एक तरुण आला, त्याने दार उघडून एक बटण दाबले आणि एस.टी. डेपोत पहाटे पहिली गाडी सुरू होताना येतो तसा आवाज झाला.

त्यापाठोपाठ भोंगा वाजला. वाफेचा गार भोंगा वाजवला की आधी नळीत साचलेले पाणी थुंकतो, गुरगुरतो, आणि मग त्याचा स्वर चढत जाऊन स्थिरावतो. हा भोंगा पहिल्या क्षणापासून कोरडा आणि स्वच्छ वाजला. त्याला दाबाखालची हवा दिलेली होती. माझी खात्री तिथेच पटली होती, तरीही माणूस पैसे मोजून आला असला की स्वतःची समजूत घालत राहतो, तशी मीही दिवसभर घातली.

दुसऱ्या दिवशी एस्ना येथील लॉकपाशी, म्हणजे पाण्याची पातळी बदलून जहाजे पुढे सोडणाऱ्या दरवाज्यांपाशी, जहाजांची रांग होती आणि आम्ही बराच वेळ थांबून होतो. त्या वेळात यंत्रघरातील एका वयस्कर तेलवाल्याला मी खुणांनी आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत माझा जुना धंदा समजावून सांगितला आणि त्याने हसून पितळी साखळी काढून मला आत घेतले. इंजिन मूळचेच आहे, हे मान्य करतो, आणि ते फार सुंदर आहे. तीन सिलिंडर, लहान, मध्यम आणि मोठा. एकच वाफ पहिल्यात काम करून थोडी प्रसरण पावते, मग दुसऱ्यात आणि शेवटी तिसऱ्यात जाते, म्हणजे आमच्या कारखान्यात मिलच्या टर्बाईनमधून बाहेर पडलेली वाफ पुढे रस आटवायला वापरतात त्याच काटकसरीच्या जातीचा हा विचार. मी उच्च दाबाच्या सिलिंडरवर तळहात ठेवला. गार होता. जहाज चालू स्थितीत असताना ज्यावर हात क्षणभरही टेकवता येऊ नये, तिथे मी हात ठेवून उभा राहिलो. दट्ट्याच्या दांड्याभोवतीची, वाफ गळू न देणारी ग्लँड कोरडी होती, ग्रीस घट्ट होऊन त्यावर धूळ बसली होती, दाबमापकाचा काटा शून्यावर टेकलेला होता, आणि क्रँकपासून चाकांच्या दांड्याकडे जाणारा सांधा सोडवून त्यावर व्यवस्थित रंग दिलेला होता. चाके फिरवण्यासाठी डिझेल इंजिनावर चालणारी हायड्रॉलिक मोटर बसवली आहे. “बॉयलर कुठे आहे?” असे विचारल्यावर त्याने पलीकडचे दार उघडले. आत चादरी धुण्याची तीन यंत्रे फिरत होती.

थोडक्यात, आगबोटीत आग नव्हती.

त्याच संध्याकाळी मी ही बाब आपल्या सहल व्यवस्थापकांच्या कानावर घातली. त्यांचे उत्तर असे होते : “काका, दिसायला तर तीच आहे ना? बाकीच्यांना काही फरक पडत नाही.” बाकीच्यांना फरक पडत नसेलही, पण बाकीच्यांनीही तेवढेच पैसे भरले आहेत, आणि न कळणे म्हणजे संमती नव्हे.

मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. जुन्या जहाजात डिझेल इंजिन बसवणे हा काही गुन्हा नाही. बांगलादेशात ढाका–खुलना मार्गावर ‘रॉकेट’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या जुन्या चक्रबोटींची वाफेची इंजिने काढून डिझेलची बसवली गेली, तरी लोक त्यांना प्रेमाने स्टीमरच म्हणत राहिले. जुना बॉयलर सांभाळणे खर्चाचे आणि जोखमीचे काम आहे, हे माझ्याइतके आपल्याला कोण सांगणार? मात्र ते अशक्य आहे असेही नाही. माझी मुलगी जर्मनीत ड्रेस्डेन येथे राहते. तिने मला दोन वर्षांपूर्वी एल्बे नदीवरील चक्रबोटीतून नेले होते. तेथील ताफ्यातील सर्वांत जुनी बोट १८७९ सालची आहे. आम्ही बसलो त्या बोटीचे यंत्रघर प्रवाशांना डेकवरूनच दिसेल असे उघडे होते, आणि तिथे वाकून पाहिले की चेहऱ्याला गरम तेलाची वाफ लागत होती. अशा बहुतेक बोटींत आता कोळशाऐवजी तेल जाळतात, पण चाक फिरवते ती वाफच. तेव्हा ‘आजकाल सगळीकडे डिझेलच असते’ हे आपल्या कार्यालयातून फोनवर मिळालेले उत्तर मला मान्य नाही.

आपल्या माहितीपत्रकात थॉमस कुक यांच्या ब्रिटिश पर्यटन कंपनीच्या काळाचेही मोठे वर्णन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाईलवरची प्रवासी आगबोटींची वाहतूक बव्हंशी त्या कंपनीकडे होती, सुदानमधील खार्टूममध्ये अडकलेल्या ब्रिटिश जनरल गॉर्डन यांच्या सुटकेसाठी १८८४-८५ मध्ये निघालेल्या फौजेची ने-आण तिने केली, जहाजांचे भाग ब्रिटनमध्ये तयार होऊन कैरोजवळच्या बुलाकच्या गोदीत जोडले जात, हे सगळे खरे आहे आणि वाचायला छान आहे. परंतु ज्या वाफेमुळे वाऱ्याची वाट न पाहता प्रवाहाविरुद्ध दक्षिणेकडे जाणे वेळापत्रकात बसू लागले, त्या वाफेचाच इतिहास सांगून आपण गिऱ्हाईक मिळवता आणि प्रत्यक्षात ती देत नाही, हा माझा मुद्दा आहे. आमच्या शेजारून उत्तरेचा वारा शिडात घेऊन फेलुका नि:शब्द जात होत्या. त्यांनी निदान आपण काय आहोत याबद्दल कोणाला फसवले नव्हते.

दुसरी तक्रार खोलीची. आम्हाला वरच्या डेकवरील खोली देण्याचे कबूल केले होते आणि दिली गेली ती खालच्या डेकवरील, जनरेटरच्या भिंतीला लागून असलेली. रात्रभर उशाशेजारचा पेला थरथरत असे. पत्नीला डिझेलच्या वासाने मळमळू लागल्याने तिने दोन रात्री वरच्या डेकवरील खुर्चीत काढल्या. खोली बदलून मिळावी ही विनंती आम्ही पहिल्याच रात्री लेखी दिली होती, तिची पोच सोबत आहे.

न्याय म्हणून हेही नोंदवतो की जेवणाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आम्ही शाकाहारी असल्याचे कळताच आचाऱ्याने रोज मसुरीचे सूप, कोशारी आणि ताअमेय्या न कंटाळता केले. कोम ओंबोच्या जोडदेवळात सोबेक आणि होरस यांचे दोन स्वतंत्र गाभारे दाखवणारा वाटाड्या उत्तम होता. एस्नाच्या लॉकमध्ये झालेला उशीर आपल्या हातातला नव्हता, त्याबद्दल मी काही मागत नाही. शिवाय त्या उशिरातच खालच्या विक्रेत्याच्या होडीतून वर फेकलेला एक टेबलक्लॉथ पत्नीने कोकणी पद्धतीने घासाघीस करून एक तृतीयांश किमतीला घेतला, त्यामुळे तिचा तो दिवस चांगला गेला. माझा नाही.

परत आल्यावर १ डिसेंबर रोजी मी आपल्याला ई-मेल केला. त्यावर आलेल्या उत्तरात ‘आगबोट हा शब्द जहाजाच्या वारशाच्या अर्थाने वापरला आहे’ असे म्हटले असून पुढील सहलीत वापरण्यासाठी १०,००० रुपयांचे कुपन देऊ केले आहे. वारशाच्या अर्थाने शब्द वापरता येतो, हे मी समजू शकतो. परंतु ‘मूळ बॉयलरसह’ हे शब्द वारशाच्या अर्थाने कसे वापरतात ते कृपया मला समजावून सांगावे. बॉयलर एकतर असतो किंवा नसतो, आणि तो जिथे असायला हवा तिथे चादरी धुतल्या जात आहेत. कुपन मी स्वीकारलेले नाही व स्वीकारणार नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील कलम २(२८) प्रमाणे सेवेचे खोटे वर्णन करणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. माझी मागणी त्यामुळे मोजकी आणि हिशेबाची आहे. संपूर्ण सहलीचे पैसे मी मागत नाही, कारण देवळे खरी होती. दोन पर्यायांमधील फरकाचे २,७६,००० रुपये, जे फक्त वाफेसाठी घेतले गेले, ते हे पत्र मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत माझ्या बँक खात्यात परत करावेत. खोलीबद्दल आपल्याच दरपत्रकातील वरच्या व खालच्या डेकमधील फरक, म्हणजे २४,००० रुपये, वेगळे द्यावेत. आणि माहितीपत्रकातील व संकेतस्थळावरील ते वाक्य दुरुस्त करून जहाज डिझेलवर चालते आणि जुने इंजिन पाहण्यासाठी जतन केलेले आहे, असे स्वच्छ लिहावे. तसे लिहिले तरी त्या जहाजाला प्रवासी मिळतील याबद्दल मला शंका नाही, कारण ते दिसायला खरोखर देखणे आहे.

मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास मी कोल्हापूर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची तरतूद कायद्यात आहे आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदतही आहे, त्यामुळे माझ्या वयाकडे पाहून मी कंटाळून गप्प बसेन अशी अपेक्षा कृपया ठेवू नये. बॉयलर खात्यात कंटाळून चालत नाही.

सोबत : नोंदणीची पावती, माहितीपत्रकाच्या सहाव्या पानाची प्रत, दोन्ही पर्यायांचे दरपत्रक, खोली बदलण्याच्या विनंतीची पोच, शून्यावर असलेल्या दाबमापकाची व बॉयलरच्या जागेतील धुलाई यंत्रांची सात छायाचित्रे, ई-मेलच्या प्रती.

आपला,
तक्रारदार

ता. क. : यंत्रघरातील ज्या तेलवाल्याने मला आत घेतले त्याचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. बंद पडलेल्या त्या इंजिनाचे पितळ तो आजही रोज सकाळी पुसतो, असे त्याने सांगितले. माझ्या तक्रारीचा ठपका जहाजमालकांकडून त्याच्यावर येणार नाही, एवढी काळजी आपण आपल्या पत्रव्यवहारात घ्यावी.