खटला वर्ग करायला दिल्लीच गाठावी लागते

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातल्या कायदेविषयक सदरात आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका भगिनीला दिलेलं उत्तर वाचलं आणि राहवलं नाही. नवऱ्याने मुलाच्या ताब्यासाठी महाराष्ट्रातल्या कोर्टात अर्ज केलाय, काय करू, असं त्यांनी विचारलं होतं. त्यावर तुमच्या सल्लागारांनी दोन ओळींत सांगून टाकलं, की जिल्हा न्यायालयात अर्ज देऊन खटला आपल्या गावी वर्ग करून घ्यावा. हे साफ चुकीचं आहे. जिल्हा न्यायालय फार तर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात खटला हलवू शकतं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात खटला न्यायचा अधिकार उच्च न्यायालयालाही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली तो सर्वोच्च न्यायालयाचा आहे आणि २००८ सालच्या निकालात त्या न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तबही केलंय. सीमाभागातल्या वर्तमानपत्राला हे ठाऊक नसावं? आपल्याकडच्या निम्म्या सोयरिकी सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडच्या असतात.

मी एवढा चिडलोय त्याला कारण आहे. माझ्या भाचीला अगदी हाच सल्ला मिळाला होता, तोही फी मोजून.

तिला चंदगड तालुक्यात दिली होती. पटलं नाही, ती मुलाला घेऊन माहेरी बेळगावला आली. मुलगा इथल्या अंगणवाडीत रमला, पुढे शाळेतही गेला. मग नवऱ्याने तिकडच्या कोर्टात अर्ज टाकला, की मूल माझ्याकडे राहत होतं, ते परत द्या. समन्स आलं तेव्हा इथले वकील म्हणाले, तिकडे जायचं काही कारण नाही, आपण इथेच वर्ग करून घेऊ. भाचीने विश्वास ठेवला. तो अर्ज फेटाळला जाणार हे ठरलेलंच होतं आणि तो फेटाळला गेलाच. तोवर तिकडे तारखांवर तारखा पडत होत्या, हिच्या बाजूने कुणी उभं नाही म्हणून प्रकरण एकतर्फी चालवायचा हुकूम झाला. तो रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज, वेगळा वकील, वेगळा खर्च. माझ्या बहिणीने त्यासाठी पाटल्या गहाण टाकल्या.

खरं तर जे करायचं ते सोपं होतं. पहिल्याच तारखेला तिकडे हजर राहून आक्षेप घ्यायचा. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ नुसार मूल जिथे नेहमी राहतं तिथल्याच न्यायालयाला असा अर्ज चालवता येतो. मूल बेळगावात राहतं, शाळा बेळगावात, तेव्हा हा अर्ज तुमच्या कोर्टात चालत नाही, एवढं सांगायचं आणि कागद दाखवायचे.

त्या कागदांचीही कथा ऐका. भाचीचं बाळंतपण माहेरी झालेलं. तायी कार्ड, म्हणजे इकडे आई-बाळाच्या नोंदींचं मिळतं ते सरकारी कार्ड, तिने प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलं होतं. त्यावर पोलिओ, गोवर, सगळ्या डोसांच्या तारखा, परिचारिकेच्या सह्या, उपकेंद्राचा शिक्का. मूल कुठे वाढलं याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला? पण अक्षर न् अक्षर कन्नड. तिथल्या कारकुनाने कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि मराठी भाषांतर करून आणा म्हणून परत दिलं. अंगणवाडीचा दाखला कन्नड, रेशनकार्ड कन्नड, त्यांचंही तेच. उलट तिकडचे मराठी कागद इथल्या वकिलांना दाखवायचे तर ते म्हणायचे, इंग्रजीत करून आणा. घरात मराठी बोलणाऱ्या पोरीने दोन्हीकडे भाषांतराचे पैसे मोजले.

चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातलाच तालुका होता. राज्य पुनर्रचनेत तेवढा तालुका वगळून बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातला गेला. म्हणजे जे काम तेव्हा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात झालं असतं, त्यासाठी आज बाची-शिनोळीच्या सीमेच्या अल्याडपल्याड राहणाऱ्या माणसाने दिल्ली गाठायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय, इकडे धारवाडला कर्नाटक उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. बेळगावहून दोन्हीकडे सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. पण खटला शिनोळीच्या नाक्यापलीकडून अलीकडे आणायचा तर दोन्ही उच्च न्यायालयांचा उपयोग नाही. आमच्या सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथली वाट किती लांब असते हे आम्हाला कुणी सांगायला नको.

तुमच्या सल्लागारांनी त्या भगिनीला आणखीही सांगायला हवं होतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती जिथे राहते तिथेच, म्हणजे खानापूरला, अर्ज करता येतो आणि मुलाचा तात्पुरता ताबाही मागता येतो. पोटगीही इथेच मागता येते. महिलेला मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही, १५१०० वर फोन करायचा. सर्वोच्च न्यायालयात वर्ग अर्ज करायचा झाला तर तिथेही विधी सेवा समिती वकील देते. हे छापलं असतं तर एका घराचे पैसे वाचले असते.

त्याच सदरात पोटगीसाठी ‘कलम १२५’ छापलंय. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. आणि दहावीतला मुलगा स्कूटर चालवताना सापडला तर ‘दंड भरून सुटका’ हे उत्तर तर भयंकर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. कॉलेज रोडवर शाळा सुटताना जरा उभे राहा, गणवेशातली किती पोरं दुचाकीवर दिसतात ते बघा. त्यांचे आईबाप तुमचं सदर वाचून निर्धास्त झाले असतील.

माझी विनंती एवढीच, की दुरुस्ती उद्याच्याच अंकात, त्याच पानावर, त्याच टाइपात छापा. शेवटच्या पानावर कोपऱ्यात नको. यापुढे सदरातली उत्तरं दोन्ही राज्यांच्या कोर्टांत काम करणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्या, असे वकील बेळगावात आहेत. आणि खानापूरच्या त्या भगिनींचा पत्ता तुमच्याकडे असेल तर आजच्या आज निरोप धाडा, की पुढच्या तारखेला तिकडे हजर राहा आणि तायी कार्डाचं भाषांतर आधीच करून न्या.

आपला नित्य वाचक,
एक निवृत्त शिक्षक, शहापूर, बेळगाव