मायलेजही हवे, चारही चाकेही हवीत

महोदय,
पावसाळ्यात शेताकडच्या पांदण रस्त्याला लागलो की काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसते, पुढची चाके जागीच गरगरतात आणि शेवटी कुणाचा तरी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. चारही चाकांना ओढ असलेली डिझेल गाडी मिळते, नाही असे नाही. पण ती थोराड असते आणि रोज तालुक्याला जाणाऱ्याच्या खिशाला झेपत नाही.

2022 मध्ये मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा आली तेव्हा आशा वाटली होती. मात्र लिटरला 27.97 किलोमीटरचा दाखला असलेली स्ट्राँग हायब्रीड (पेट्रोल इंजिनाबरोबर नुसत्या विजेच्या मोटरवरही चालणारी) निघाली फक्त पुढच्या चाकांची. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ओढ, हवे तर माइल्ड हायब्रीड (जिच्यात मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते) घ्या, दाखला 19.38 चा. (हे आकडे चाचणीतले, आमच्या खड्ड्यांत ते कुठून मिळणार!) जपानमध्ये टोयोटा मागच्या चाकांना वेगळी विजेची मोटर देते, त्यामुळे पुढून मागे जाणारा लांब शाफ्ट लागतच नाही. याच कंपनीने जुलै 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला आहे. तिथे अशी एखादी गाडी बनली तर गिऱ्हाईक शोधायला लांब जावे लागणार नाही.

कराचेही बघावे. विजेच्या गाडीला 5 टक्के जीएसटी, तर चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडला सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. एवढी तफावत कशासाठी?

– एक वाचक, गेवराई (जि. बीड)