राखीव आऊटबोर्डच्या निवडीबद्दल मेस्त्रीकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मेस्त्रीकाका यांस,

सादर नमस्कार.

आमच्या नौकेवर राखीव आऊटबोर्ड, म्हणजे नौकेच्या मागे बाहेरून अडकवायचे जादा मशीन, बसवून आता एक हंगाम होत आला. त्या मशीनच्या निवडीमागचा सगळा विचार आपला होता. आपण त्याचा एक पैसा घेतला नाही, कोणत्या दुकानाचे नाव पुढे केले नाही, आणि आभार मानायला घरी आलो तेव्हा चहा पाजून विषय बदललात. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. आपण आम्हाला काय विचारले आणि का विचारले, हे दुसरे मशीन घेऊ पाहणाऱ्या इतर तांडेलांना (नौका चालवणाऱ्या प्रमुखांना) आणि मालकांनाही कळावे, असा त्यामागचा दुसरा हेतू आहे.

आमची नौका २८ फुटी, फायबरची, आत दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन असलेली, आणि भाट्ये खाडीतून बाहेर पडून गिलनेटची, म्हणजे मासे कल्ल्यांत अडकवणाऱ्या उभ्या जाळ्यांची, मासेमारी करणारी. मुख्य मशीन भर समुद्रात बंद पडले तर आपल्या बळावर घरी येता यावे, एवढीच आमची मागणी होती. बाजारात विचारले तेव्हा जो तो थेट हॉर्सपॉवरचा आकडा सांगू लागला. कोणी म्हणे ५ रग्गड झाले, कोणी म्हणे २५ पेक्षा कमी घेऊच नका. आपण मात्र आकड्याकडे वळण्याआधी विचारलेत, “उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी किती जोराने बाहेर पडते?” त्यावर माझ्या थोरल्या भावाने, जो नौकेचा तांडेल आहे, “लय ओढ असते” एवढेच उत्तर दिले, आणि आपण त्याला ती ओढ मोजायला लावलीत.

ती मोजण्याची रीत इतकी सोपी आहे की ती इथे सविस्तर लिहितो. अमावास्येच्या आसपास, ओहोटी भरात असताना, नौका तोंडाशी नांगरून ठेवायची, नाळेपाशी (नौकेच्या पुढच्या टोकाशी) नारळाचे सोडण पाण्यात टाकायचे आणि ते मागच्या फळीपर्यंत वाहत जायला किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहायचे. एक नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे १.७ फूट, त्यामुळे २८ फुटांचे अंतर सोडणाने साडेपाच सेकंदांत कापले तर पाणी जवळजवळ तीन नॉटने बाहेर जात आहे असे समजावे. आमचे उत्तर तेवढेच आले. शांत पाण्यात जेमतेम साडेतीन नॉट देणारे मशीन त्या ओहोटीत नौकेला जागच्या जागी धरून ठेवील, घरी आणणार नाही, आणि वर थंडीच्या दिवसांत पहाटेचा मतलई वारा समोरून असेल तर नौका मागेच सरकेल, हे आपण कागदावर दोन रेघा ओढून दाखवलेत. ५ हॉर्सपॉवरचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

२५ चा प्रश्नही आपण तितक्याच शांतपणे मिटवलात. पाणी कापत जाणाऱ्या आमच्यासारख्या जड नौकेच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते; पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे, म्हणजे नॉटमधली ती मर्यादा मिळते. आमची ती लांबी २५ फूट, वर्गमूळ ५, म्हणून मर्यादा सुमारे ६.७ नॉट. त्या मर्यादेजवळ गेल्यावर वाढीव ताकद बहुतेक मोठी लाट उठवण्यात जाते, आणि खिशातले पेट्रोलचे पैसे त्या लाटेबरोबर जातात. आम्हाला तर भरल्या नौकेने पाच नॉटच्या आसपास चालायचे होते. त्यासाठी ९.९ हॉर्सपॉवर पुरेल, पण कोणतेही ९.९ नव्हे, असे आपण बजावलेत, आणि माझ्या मते साऱ्या सल्ल्यातला सर्वांत मोलाचा भाग तोच होता.

एकाच हॉर्सपॉवरच्या दोन मशीनांमध्ये इतका फरक असू शकतो, हे दुकानातल्या पत्रकावरून कधीच लक्षात आले नसते. हलक्या होडीसाठी बनवलेल्या मशीनचा पंखा लहान असतो आणि वेगाने फिरतो. जड नौकेवर तोच पंखा पाणी नुसते घुसळतो, नौका मात्र हलत नाही. जास्त रेटा देणाऱ्या प्रकारात खालच्या गिअरचे प्रमाण (इंजिनाच्या किती फेऱ्यांना पंख्याची एक फेरी) साध्या मशीनच्या सुमारे दोनास एक याऐवजी तीनास एकच्या जवळपास असते, म्हणून त्याला मोठ्या व्यासाचा आणि कमी पिचचा (एका फेरीत कमी अंतर पुढे सरकणारा) पंखा सावकाश फिरवता येतो. घाटात भरलेला ट्रक ज्या कारणासाठी खालचा गिअर घेतो, तेच हे कारण. दुकानात आपण मशीनचे झाकण उघडायला न सांगता आधी खाली वाकून पंख्यावर कोरलेले आकडे वाचलेत, त्यातला पहिला व्यास आणि दुसरा पिच हे मला बोट ठेवून दाखवलेत, आणि विक्रेता कार्यक्षमतेबद्दल बोलत असताना दुसरा पंखा मागवायला लावलात. त्या वेळचा त्याचा चेहरा अजून आठवतो.

दांड्याच्या, म्हणजे मशीनच्या पाण्यात उतरणाऱ्या पायाच्या, लांबीबाबत आपण दाखवलेली चिकाटी आमच्या खलाशांना सुरुवातीला अनाठायी वाटली होती. आऊटबोर्ड साधारण १५, २० आणि २५ इंची दांड्यांत मिळते, आणि आमच्याकडे बहुतेक जण मिळेल तो दांडा घेऊन मोकळे होतात. आपण ओहोटीला नौका वाळूवर टेकलेली असताना आलात, जिथे मशीन अडकवणार तिथून तळाच्या रेषेपर्यंत टेपने माप घेतलेत, आणि मग सगळ्या माणसांना नाळेकडे उभे करून मागची बाजू किती उचलली जाते तेही पाण्यात असताना पुन्हा पाहिलेत. लाटेवर नाळ खाली गेली की मागे लावलेला पंखा पाण्याबाहेर येतो, इंजिन मोकळे सुटून किंचाळते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी रेटा शून्य होतो. म्हणून पंख्याच्या वर असलेली मशीनची आडवी पट्टी तळाच्या रेषेच्या खालीच राहिली पाहिजे, हा आपला आग्रह होता. २५ इंची दांडा त्यासाठीच घेतला. जाळी आम्ही उजवीकडून ओढतो, म्हणून मशीन डाव्या कोपऱ्यावर आले, आणि त्याच्या पन्नासेक किलो वजनाने नौका डावीकडे कलू नये म्हणून बर्फाची पेटी उजवीकडे सरकवली.

आयुष्य टू-स्ट्रोक मशीन उघडण्यात घालवलेल्या माणसाने फोर-स्ट्रोक सुचवावे, याचे मला नवल वाटले होते. टू-स्ट्रोक हलके असते आणि गावातल्या गावात दुरुस्त होते, हे आपणच आधी सांगितलेत. पण राखीव मशीन आठवडेच्या आठवडे पडून राहते आणि वेळ आली की तासन् तास कमी वेगाने चालवावे लागते, आणि तशा चालीत टू-स्ट्रोकचा प्लग ऑइलने काळा पडून दगा देतो, ही बाजूही आपण लपवली नाहीत. केरळच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे केरोसीनवर आऊटबोर्ड चालत आले आहेत, तसे इथे का नको, या भावाच्या प्रश्नाला आपण थोडक्यात उत्तर दिलेत: ते मशीन पेट्रोलवर सुरू करावे लागते आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणावे लागते, आणि संकटात एवढी शिस्त कोणाला आठवत नाही.

पेट्रोलच्या बाबतीत आपण जी ताकीद दिलीत, ती मी नौकेवर रंगाने लिहून घेतली आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी जाऊन साचते, म्हणून टाकी इंजिनखोलीत न ठेवता मागे उघड्यावर बांधायची, आणि खलाशांचा स्टोव्ह नाळेकडेच पेटवायचा. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे टाकीत जुने पेट्रोल साठवू नये, आणि मशीन बंद करताना नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालू द्यावे, हेही आता अंगवळणी पडले आहे.

जानेवारीत, उधाणाच्या दिवसांत, कोणीतरी टाकून दिलेल्या नायलॉन जाळ्याचा गुंता मुख्य पंख्यात अडकला आणि डिझेल इंजिन जागीच बसले. हेलकावे इतके होते की पाण्यात उतरून गुंता कापणे धोक्याचे होते. भावाने आऊटबोर्ड खाली सोडले, ते सरळ रेषेत पक्के केले आणि आपण सांगितल्याप्रमाणे नौका मुख्य सुकाणूने वळवली. मात्र तोंडाशी चाल मंदावल्यावर सुकाणू नीट धरेना, तेव्हा मशीन वळवायची मूठही हातात घ्यावी लागली. ओहोटी अजून संपली नव्हती. नौका दोन नॉटच्या आसपास, पण न थांबता आत आली, आणि चारही माणसे दुपारच्या जेवणाला घरी होती. त्यांच्या घरच्यांनीही आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

एक विनंती आहे. येत्या १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू झाली की मशीन उतरवून शेडमध्ये आणणार आहोत. ज्या कुशीवर खूण आहे त्याच कुशीवर आडवे करायचे, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये शिरते, हे लक्षात आहे. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे चक्र) बदलायचा आहे, आणि मशीनऐवजी स्वतः झिजणारा झिंकचा तुकडा अर्ध्याहून अधिक झिजला आहे. खालच्या गिअरचे ऑइल किंचित दुधाळ दिसते, म्हणजे बहुधा सील गेले असावे. सवडीने एकदा येऊन पाहावे. या वेळी मजुरी घेतल्याशिवाय आम्ही आपल्याला जाऊ देणार नाही.

आपला नम्र,
एक नौकामालक, रत्नागिरी