मॅन्युअल डिजिटल करा, पण लिंकच्या भरवशावर सोडू नका

महोदय,

शाहूपुरीत जुनी व्हिडिओ गेम मशीन दुरुस्त करण्याचा माझा व्यवसाय आहे. परवा कसबा बावड्याहून एक मुलगा वापरलेली गेम डिस्क घेऊन आला. डिस्क चांगली, मशीनही ठणठणीत. पण कुठलं बटण कशाचं, हेच त्याला कळत नव्हतं. डबीत एक चिठ्ठी होती, तिच्यावर मॅन्युअलचा, म्हणजे गेम कसा खेळायचा ते सांगणाऱ्या पुस्तिकेचा, क्यूआर कोड. स्कॅन केला तर ते पानच आता वेबसाइटवर नाही. पोराने पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची माहिती कुणाला न विचारता काढून टाकलेली! याचा मला मनापासून राग येतो.

डिजिटल मॅन्युअलला माझा विरोध नाही. युबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीने एप्रिल 2010 मध्ये प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 या मशीनच्या गेममधून छापील मॅन्युअल काढत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा एक टन कागदामागे सरासरी 13 झाडं लागतात, असा हिशेब दिला होता. झाडं वाचावीत असं मलाही वाटतं. शिवाय आताचे गेम सारखे अपडेट होतात, छापलेलं लवकर शिळं होतं. फोनवर अक्षर मोठं करता येतं, ही तर माझ्या वयाच्या माणसाला मोठीच सोय.

आणि कागद तरी कुठे अमर असतो? 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी माझ्या दुकानात शिरलं आणि खालच्या कप्प्यातल्या मॅन्युअलांचा लगदा झाला. वर्षानुवर्षं जमवलेली ती पुस्तकं होती. आपल्याकडे टीव्ही गेमच्या बहुतेक कॅसेटींबरोबर मॅन्युअल यायचंच नाही, त्यामुळे मिळालेलं प्रत्येक जपलेलं. पुढे त्यातली बरीचशी मला इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या गोष्टी जपून ठेवणाऱ्या मोफत वेबसाइटवर सापडली. कुठल्या तरी देशातल्या, मला कधीच न भेटणाऱ्या हौशी माणसांनी एकेक पान स्कॅन करून ठेवलं होतं. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण त्यांना ते करता आलं, कारण मूळ पुस्तक त्यांच्या घरात होतं. जे मॅन्युअल फक्त कंपनीच्या सर्व्हरवर आहे, ते सर्व्हर बंद झाल्यावर कुणी कुठून आणायचं?

जुन्या काळी तर मॅन्युअल हा गेमचाच भाग असायचा. 1989 चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आपल्याकडे अनेकांनी कॉम्प्युटर क्लासमध्ये खेळला असेल. मूळ प्रतीत पहिली लेव्हल संपली की मॅन्युअलमधल्या ठरावीक पानावरचा, ठरावीक ओळीतला शब्द शोधायचा आणि त्याचं पहिलं अक्षर असलेली गेममधली बाटली प्यायची. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 1990 च्या ‘स्टारट्रॉपिक्स’ या गेमबरोबर एक पत्र यायचं, ते पाण्यात भिजवलं की 747 हा आकडा उमटायचा आणि तो दिल्याशिवाय गेम पुढे सरकत नसे. पत्र हरवलेल्याने काय करावं?

गेम स्वतःच शिकवतो, मग मॅन्युअल कशाला, असं मुलं मला म्हणतात. पहिल्या दिवशी ते खरं असतं. दहावीच्या परीक्षेसाठी कपाटात टाकलेला गेम उन्हाळ्यात पुन्हा लावला, की शिकवण्याचा भाग केव्हाच मागे पडलेला असतो आणि हाताला बटणं आठवत नाहीत. मग सगळं पहिल्यापासून सुरू करायचं.

यावर उपाय आहे, आणि तो करून झालेला आहे. निन्टेन्डोने 3डीएस या हातात धरून खेळायच्या मशीनच्या गेममध्ये मॅन्युअल कार्ट्रिजच्या, म्हणजे गेमच्या छोट्या कार्डाच्या, आतच घातलं. त्या मशीनचं ऑनलाइन दुकान 27 मार्च 2023 रोजी बंद झालं, तरी कार्ट्रिज लावून ते मॅन्युअल आजही इंटरनेटशिवाय उघडता येतं. तसंच सगळ्यांनी करावं: मॅन्युअल डिस्कवरच द्यावं, आणि त्याची पीडीएफ लॉगिन न मागता कुणालाही उतरवून घेऊ द्यावी, म्हणजे ती अनेकांकडे राहील. ज्यांना खाती काढायला जमत नाहीत, असे पालक आणि आजोबाही माझ्याकडे येतात. डबीत आज कागद उरलाच, तर तो बहुधा वॉरंटीचा किंवा चमकत्या चित्रांमुळे झटके येण्याच्या इशाऱ्याचा असतो. तो इशारा हवाच. त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूवर बटणांची आकृती छापली, तर एकही झाड जास्तीचं लागणार नाही.

कोल्हापूरकरांनाही एक विनंती. नव्वदच्या दशकातली मॅन्युअलं कुणाच्या माळ्यावर असतील, तर रद्दीत घालण्याआधी स्कॅन करून घ्या. कुणाकडे स्कॅनर नसेल तर मी ते काम पैसे न घेता करून देईन. करवीर नगर वाचन मंदिराने 1850 पासून या गावाचं वाचन सांभाळलं आहे. अशा स्कॅनची एक प्रत तिथे ठेवून घ्यावी, असं मी त्यांना लेखी कळवणार आहे. आणखी कुणी वाचकांनी तसं पत्र दिलं, तर त्या मागणीला वजन येईल.

– गेम मशीन दुरुस्ती करणारा एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर